तक्रारीचा क्रमांक



संगणकाविषयी बोला असे चालकांनी सुचविले तेव्हा मला हसू आले. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. पण बिघडलेली यंत्रे आणि दाद न देणारे वरिष्ठ यांच्याशी पुष्कळ झुंजलो आहे. तेवढ्याच भांडवलावर बोलतो.

२०१७ साली आमच्या युनियनच्या कचेरीत संगणक आला. कंत्राटी सफाई कामगारांच्या हजेऱ्या आम्ही त्यात भरल्या. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांची सलग नोकरी लागे, आणि खंड दाखविला गेला की वर्षाचे २४० दिवस भरल्याचा पुरावा द्यावा लागे. कंत्राटदार बदलला की हजेरीबुके गडप! आमच्या नोंदी हाच काय तो पुरावा.

दीड वर्षाने एका सकाळी यंत्रातून टक् टक् आवाज आला आणि पडदा काळा झाला. हार्ड डिस्क गेली होती. या डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि नोंद वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगते. ते टेकले की अक्षरे खरवडून जातात.

कंपनीला फोन केला. आधी वाजंत्री, मग "प्लग लावला आहे का?" प्रत्येक वेळी नवा आवाज, आणि मी पहिल्यापासून रामायण सांगावयाचे. हाती काय, तर तक्रारीचा क्रमांक. पाचव्या फोनला मी ओरडलो. पलीकडचा पोरगा हळूच म्हणाला, "काका, जुनी डिस्क पाठवा, नवी देतो. आतल्या माहितीची हमी नसते. आणि फोन आटपतो, आमची मिनिटे मोजतात." मी वरमलो. नगावरच्या मजुरीविरुद्ध भाषणे करणारा मी, आणि ओरडलो कोणावर?

जुनी डिस्क परत केली तर नवी फुकट, पण नोंदी गेल्या. ठेवून घेतली तर हमी गेली. आम्ही ठेवून घेतली. वर्गणी काढून ती एका प्रयोगशाळेत उघडविली; धुळीचा कणही नको म्हणून तेथे हवा गाळून घेतात. निम्म्या नोंदी निघाल्या. बाकीच्या आम्ही बायकांनी पत्र्याच्या डब्यात जपलेल्या पगारचिठ्ठ्यांवरून रात्री बसून लिहिल्या.

आता नोंदींच्या दोन प्रती ठेवतो, एक कचेरीबाहेर; शिवाय कागदी वही. मात्र एका बाईंची दोन वर्षे कशातच सापडली नाहीत. चिठ्ठ्या पुरात भिजलेल्या. त्यांचा दावा अजून चालू आहे. पुढली तारीख सोमवारची आहे.