बोर्डिंगातला झाडू आणि बोर्डिंगातली पंगत
(आमच्या गावी भरलेल्या पालकांच्या सभेत झालेले भाषण)



सुगीचे दिवस आहेत. खळ्यावरचे काम टाकून आपण येथे आलात, सबब आम्ही पाल्हाळ न लावता मुद्द्याचेच बोलतो.

गेल्या जून महिन्यात आपल्या गावची दोन मुले बाहेरगावच्या एका बोर्डिंगात दाखल झाली. दिवाळीच्या आत त्यांतला एक परत आला. तो नापास झाला नव्हता, आजारीही पडला नव्हता. बापाने जाऊन आणला. कारण विचारता उत्तर मिळाले, "गुरुजी, पोरगं शिकाया धाडलं व्हतं, झाडू माराया आन् भांडी घासाया न्हवं!" पारावरच्या चौघांनी माना डोलावल्या. मागाहून दुसरेही कारण हळूच कानावर आले. जेवताना शेजारच्या ताटावर कोणाचा मुलगा बसतो, हे घरी कळले होते. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. मास्तराने गप्प बसावे असा तो प्रसंग नव्हता. ती चूक आज सुधारावयाची आहे. बोर्डिंग ही वस्तू आपल्यासारख्यांच्या दारी आली कशी, आणि तिच्यात झाडू व पंगत या दोन गोष्टी कोणी व का घातल्या, एवढेच आम्ही सांगणार.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे त्यांनी लेखी निवेदन दिले, त्यात सांगितले की सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. ते खरेच होते. पण शाळेचे दार उघडले तरी आपल्या मुलाला आत जाता येईना, याला आणखी एक कारण होते. गावची शाळा चार यत्ता शिकवून थांबे. पुढची शाळा शहरात. शहरात मुलाने राहावे कोठे आणि खावे काय? गरीब ब्राह्मणाचा मुलगा सात घरी सात वार लावून जेवे, माधुकरी मागे, आणि शिके. आम्ही हे हेव्याने सांगत नाही. एका समाजाने आपल्या गरीब मुलांची सोय केली, हे त्याने चांगलेच केले. पण कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या, सुताराच्या, लोहाराच्या मुलाला वार कोण देणार? आणि महारामांगांच्या मुलाला तर ओसरीवर उभे राहण्याचीही बंदी. तात्पर्य, आपले शिक्षण बुद्धीवाचून अडले नव्हते, ते भाकरीवाचून अडले होते.

ही अडचण ओळखली कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. त्यांनी १८९६ साली सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह काढून पाहिले, पण मागासलेल्या जातींच्या मुलांना त्याचा लाभ होईना. तेव्हा १८ एप्रिल १९०१ रोजी त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. त्याच साली जैन बोर्डिंग निघाले, १९०६ साली मुसलमान मुलांचे, १९०७ साली लिंगायतांचे, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. अशी एकामागून एक बोर्डिंगे निघत गेली आणि कोल्हापूरला लोक वसतिगृहांची जननी म्हणू लागले. कोणी विचारील, जाती मोडणाऱ्या राजाने जातवार बोर्डिंगे का काढली? त्याचे उत्तर त्या काळात आहे. वेगळ्या चुलीवाचून त्या काळी कोणी बाप मुलगा धाडीना, आणि आपल्या जातीचे म्हटल्यावर जातवाले वर्गणी देत, देखरेख करीत. आधी मुलगा शहरात येऊ द्या, ही त्यामागची दृष्टी. भाकरीचे कुलूप याप्रमाणे निघाले, पण पंगतीचे कुलूप तसेच राहिले.

ते दुसरे कुलूप काढणारा मनुष्य याच कोल्हापुरात एका बोर्डिंगात शिकत होता. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्यांचे नाव. जन्म कुंभोजचा, २२ सप्टेंबर १८८७ चा, घर शेतकऱ्याचे. ते जैन बोर्डिंगात राहात. त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत अशी की, मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की विटाळ झाला, स्नान करून आत या. त्यांनी स्नान केले नाही. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मायबापहो, एका मुलाला शेजारच्या ताटाच्या कारणावरून बोर्डिंगातून काढले, आणि त्याने पुढे जन्मभर दुसऱ्यांची मुले बोर्डिंगात आणली. आमच्या गावी त्याच ताटाच्या कारणावरून बापानेच मुलगा काढला. हा फरक आपण मनाशी ताडून पाहावा.

भाऊरावांनी पोटासाठी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. नांगर घेऊन गावोगाव हिंडताना त्यांनी कुणब्याचे घर आतून पाहिले. १९१० साली दूधगावी मित्रांच्या साह्याने मुलांच्या राहण्याची सोय केली. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले गावी सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचा कारभार साताऱ्यास आला आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. हेच ते पुढचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. महात्मा गांधींनी २५ फेब्रुवारी १९२७ रोजी तेथे येऊन हे नाव दिले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातीधर्मांची मुले एका छपराखाली नांदताना पाहून त्यांनी भाऊरावांची मनःपूर्वक वाखाणणी केली. नाव शाहू छत्रपतींचे दिले हे फार योग्य झाले. कोल्हापूरने भाकरी दिली, साताऱ्याने ती एका चुलीवर भाजली.

त्या बोर्डिंगाची रीत आता ऐका. स्वयंपाक मुलांनी करावयाचा, पाळीपाळीने. पाणी भरणे, लाकडे फोडणे, झाडलोट, भांडी, सर्व मुलांनीच. भाकरी थापणाऱ्याची जात कोणी विचारावयाची नाही. जेवण एका पंगतीत. खर्चासाठी अण्णा स्वतः गावोगाव फिरून धान्य व पैसा मागत. रयतेनेही पदरी होते ते दिले. म्हणून ती संस्था कोणा एका धनिकाची झाली नाही, नावाप्रमाणे रयतेची झाली.

आणि अण्णा फिरतीवर असता घर कोणी सांभाळले? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ती बाई, पण सर्व जातींच्या मुलांना तिने पोटच्यासारखे वाढले. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगात गेले. एकदा कोठीत दाणा नव्हता, तेव्हा तिने गळ्यातले मंगळसूत्रही दिले व मुलांना जेवू घातले. १९३० साली ती वारली. मुलांच्या बोर्डिंगाचा इतिहास सांगताना पुरुषांचीच नावे घेण्याची खोड आपणांस आहे. ज्या पायावर ते उभे आहे, त्यात एका बाईचे सौभाग्यलेणे गाडलेले आहे, हे बायांनी आपल्या लेकींना सांगावे.

आता झाडूकडे वळतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने फी कशात द्यावी? दान म्हणून घेतले तर मान खाली जाते. कामात दिली तर मान ताठ राहते. हा अण्णांचा हिशेब. "स्वावलंबी शिक्षण" हे ब्रीद त्यांनी याच अर्थाने घेतले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथे मुलांनी श्रम करावयाचे आणि राहणे व शिकणे फुकट, अशी व्यवस्था होती. 'कमवा आणि शिका' या नावाने ती रीत पुढे कॉलेजांतही गेली आणि आजही चालू आहे.

पण झाडूचा अर्थ एवढाच नाही. आपल्या गावात झाडू, कुदळ, हातोडा, कातड्याची आरी, प्रत्येक हत्यार एकेका जातीच्या गळ्यात बांधलेले होते. काम करी तो हलका, बसून खाई तो भारी. बोर्डिंगात पाटलाच्या पोराची पाळी आली की झाडू त्याच्या हाती, आणि महाराच्या पोराची पाळी आली की परात त्याच्या हाती. झाडूची जात गेली आणि परातीचाही विटाळ गेला. म्हणजे झाडू आणि पंगत हे दोन धडे नव्हेत, एकच धडा आहे. आपल्या गावच्या त्या दादांना एकाच दिवशी दोन्ही खटकली, ती उगीच नव्हे.

"काम करण्यात वेळ गेला तर अभ्यास कधी?" असे कोणी म्हणेल. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच शाहू बोर्डिंगाचे विद्यार्थी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, रयतेच्याच संस्थेत सेवा केली, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुणे कराराच्या १९३२ सालीच पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली साताऱ्यास खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज झाले. आमच्यासारखे जे खेड्यांतले मास्तर आहेत, ते याच वाटेने पुढे आले. ९ मे १९५९ रोजी अण्णा वारले, तेव्हा संस्थेच्या शाळा महाराष्ट्रभर पसरल्या होत्या, आणि त्यानंतरही वाढत गेल्या.

बोर्डिंगात सर्व काही गोड असते, असे आम्ही म्हणत नाही. आईची आठवण येते, शिस्त कडक असते, भाकरी कधी करपते. आणि आजच्या काही बोर्डिंगांत दुसराच रोग दिसतो. नाव सर्वांचे, पण मुले आपापल्या आडनावांचे कोंडाळे करून जेवतात. भिंतीवर अण्णांची तसबीर आणि खाली वेगळ्या पंगती, असे असेल तर ती तसबीर उतरवलेली बरी. पण हा रोग मुले बोर्डिंगातून आणीत नाहीत, घरून नेतात. त्याचे औषधही घरीच आहे.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे. पहिली, परत आणलेला मुलगा सोमवारी पुन्हा बोर्डिंगात जावा. त्याच्या वडिलांबरोबर आम्ही स्वतः जाऊ, आणि त्या दिवशी दोघेही मुलांच्या पंगतीस बसून जेवू. दुसरी, खळे उठताना दर घरामागे एक पायली धान्य त्या बोर्डिंगाच्या कोठीसाठी बाजूस काढावे. कोणी उपकार म्हणून देऊ नये, आपल्या पूर्वजांनी दिले तसे हक्काने द्यावे. तिसरी, या वर्षी आपल्या शाळेत पहिली आलेली मुलगी सातवीनंतर घरी बसवू नये. ज्या माउलीने मंगळसूत्र मोडून परक्यांची मुले शिकवली, तिच्या नावाने एवढे तरी करा.

त्या दादांना आम्ही दोष देत नाही. ते आज सभेस आले आहेत, समोरच बसले आहेत, यातच सर्व आले. दादा, सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने निघू. सत्याचा जय असो!