आधी मोजणी, मग कुंपण



यवत, भांडगाव, कासुर्डी या भागात हिंडताना आता ठिकठिकाणी तारेची कुंपणं दिसतात. खडकवासल्याच्या कालव्यानं पाणी आलं, ऊस आणि भाजीपाला वाढला, आणि त्यामागोमाग रानडुकरं आणि मोकाट जनावरंही आली. तेव्हा कुंपण घालावं हे खरंच. पण ते घालायचं कुठं? आज बोलायचं आहे ते याबद्दल.

मला स्वतःला हा धडा एका वस्तीवर मिळाला. एक शेतकरी म्हणाले, "साहेब, डुकरं ऊस नासतात, काय करू?" मी खांबांतलं अंतर सांगितलं, तारेचे पदर सांगितले, खर्चाचा अंदाज काढून दिला. बांध कुणाचा, हे मात्र विचारलंच नाही. त्यांनी बांधाच्या पलीकडच्या अंगाला खांब रोवले. शेजारी त्यांचे चुलतभाऊ, आणि त्यांची गाडीवाट त्याच बांधावरून. तोडणीची टोळी आली, पण गाडी रानात जाईना. सगळा ऊस मोळ्या बांधून डोक्यावरून रस्त्यावर आणावा लागला. पुढं मोजणी झाली, तेव्हा खांब फूटभर पलीकडे निघाले.

आता हिशेब बघा. बांध ३३० फूट लांब. फूटभर रुंदी धरली तर जमीन झाली ३३० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे सगळं भांडण गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याचंसुद्धा नव्हतं. खांब उपटून पुन्हा रोवले, खर्च दुप्पट झाला. तो भरून निघेल. पण यंदा एका घरी लग्न झालं, तर दुसऱ्या घरचं एकही माणूस मांडवात नव्हतं. त्या दिवशी मी विचारलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

म्हणून पहिली गोष्ट. सात-बारा उताऱ्यावर तुमचं क्षेत्र किती ते कळतं, हद्द कुठून जाते ते कळत नाही. हद्द कळते नकाशावरून आणि मोजणीवरून. मोजणीसाठी दौंडच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. आता तो ऑनलाइनही भरता येतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी शेजाऱ्याला आपणहून बोलावून उभं करा. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा आणि नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपून ठेवा. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. त्यासाठी काठ्या-कुऱ्हाडी काढायचं कारण नाही. गटात भाऊबंदांचे हिस्से असतील, तर हिस्सेवाटणी नकाशावर उतरली आहे का, तेही आधी बघा. उभ्या उसात खुणा रोवणं अवघड जातं, म्हणून रान मोकळं असताना मोजणी उरकावी.

हद्दीचा जुना दगड कुणीही हलवू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे आपल्या हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकाची आहे, आणि त्या नासणाऱ्याला दंड आहे.

दुसरी गोष्ट, वाट आणि पाणी. बांधावरून शेजाऱ्याची वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा पाट जात असेल, तर तो अडवू नका. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. वाट अडली त्यांनी ध्यानात ठेवा, हा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पावसाचं पाणी ज्या बाजूनं वाहून जातं, तिथंही कुंपणाच्या बुडाशी मातीचा भर घालू नका. नाहीतर एकाचं रान तुंबेल आणि दुसऱ्याचा बांध फुटेल.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष काम. तारेचं कुंपण हद्दीपासून निदान दोन फूट आपल्या बाजूला घ्या. दुरुस्तीला शेजाऱ्याच्या पिकात पाय टाकावा लागत नाही. खांब सात फुटी असेल तर दोन फूट जमिनीत गाडा, आणि दोन खांबांत आठ ते दहा फूट अंतर ठेवा. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात, म्हणून खड्डा शक्यतो मुरमापर्यंत न्या. कोपऱ्याच्या खांबांना तिरपा आधार द्या, सगळा ताण तिथंच येतो. क्षारपड रानात लोखंडी अँगल लवकर गंजतो. तिथं दगडी किंवा सिमेंटचा खांब बरा.

करवंद, सागरगोटा, घायपात यांचं जिवंत कुंपण स्वस्त पडतं. पण ते पसरतं, म्हणून हद्दीपासून चार फूट आत लावा आणि दरवर्षी छाटा. मोठी झाडं त्याहून आत घ्या. सावलीत शेजाऱ्याचं पीक खुरटलं की बोलाचाली सुरू होते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घरातली किंवा मोटारीची वीज तारेत सोडू नका. तो गुन्हा आहे. डुकरासाठी लावलेल्या तारेला रात्री पाणी धरायला गेलेलं माणूस चिकटतं. झटका मशीन लावायचं असेल तर बॅटरीवर किंवा सौर उर्जेवर चालणारं, थांबून थांबून झटका देणारं तयार यंत्रच घ्या आणि तारेवर पाटी लावा.

सगळ्यांत स्वस्त कुंपण कोणतं, असं मला विचारतात. शेजाऱ्याशी मिळून घातलेलं! मोजणी झाल्यावर दोघांनी मिळून हद्दीवर एकच कुंपण घाला. खर्च निम्मा-निम्मा. कुंपण कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत आणि दुरुस्ती कुणी करायची, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. सख्खे भाऊ असलात तरी लिहा.

मंडळी, आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते. नाव-गाव न विचारता आपण हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतो. एवढं मोठं मन असलेल्या गावानं फूटभर बांधासाठी शेजाऱ्याशी अबोला धरू नये. तेव्हा पहिला खांब रोवायच्या आधी शेजाऱ्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि म्हणा, "दादा, मोजणी करून घेऊ." पुढचं काम सोपं होईल.

राम राम.