साथ आणि वस्ती

साथीच्या रोगाला राव आणि रंक सारखेच, असे म्हणण्याची चाल आहे. चेन्नई शहराचा अनुभव मात्र या म्हणण्याला दुजोरा देत नाही.

सन 2020 मध्ये कोरोनाची साथ त्या शहरात शिरली, तेव्हा आरंभीच्या महिन्यांत रुग्णांचा आकडा झपाट्याने वाढला तो उत्तरेकडील रायपुरम भागात. सेंट जॉर्ज किल्ल्याबाहेर कंपनीच्या अमदानीत एतद्देशीयांची जी 'काळी पेठ' वसली, तिच्या अंगानेच हा भाग वाढला. बंदर, बाजार व मासेमारी यांवर येथील कित्येकांचे पोट. बोळ अरुंद, खोल्या लहान, आणि त्यांत माणसे मावतील तितकी.

घरी बसा, अंतर राखा, वरचेवर हात धुवा, असा उपदेश सर्वत्र झाला. तो शास्त्रशुद्धच होता. पण घर, अंतर आणि पाणी ही तिन्ही त्यात गृहीत धरलेली होती. आदल्याच वर्षी, 2019 च्या जूनमध्ये, शहराला पाणी पुरविणारे तलाव आटले होते. जेथे पाण्याची लॉरी येताच रंगीत घागरींची रांग लागते आणि शौचकूप अनेक कुटुंबांत एक असतो, तेथे घरी बसणे म्हणजे शेजाऱ्याच्या श्वासात बसणे होय.

2020 च्या जुलैत बारा हजारांवर नागरिकांचे रक्त तपासण्यात आले. शहरात शेकडा सुमारे 21 जणांना संसर्ग होऊन गेला होता. तोंडियारपेट विभागात हेच प्रमाण 44. फारसे दूर नसलेल्या, पण विरळ वस्तीच्या माधवरममध्ये अवघे 7. विषाणू तोच, हवामानही तेच!

मुंबईकरांना यात नवल वाटू नये. 1918 च्या इन्फ्लुएंझात तेथील यूरोपियनांपैकी हजारी 8 दगावले. सरकारी नोंदीने ज्यांना 'कनिष्ठ जातीचे हिंदू' म्हटले, त्यांच्यापैकी 61.

मग दाट वस्ती उठवावी काय? प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधारणा ट्रस्टने तेच केले. रस्ते रुंद झाले आणि बेघर झालेले गरीब शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहिले. चेन्नईनेही नदीकाठची कुटुंबे दूर कण्णगी नगर, पेरुंबाक्कम येथे हलविली. छप्पर पक्के मिळाले, पण रोजगार मागे शहरातच राहिला. 2020 च्या मार्चअखेर बसगाड्या थांबल्या, तेव्हा तेथून धुण्याभांड्यांच्या कामाला शहरात येणाऱ्या बाईची चूलही थांबली.