दारू सुटल्यावरची संध्याकाळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला माझ्या कामाबद्दल बोलायला सांगितलंय. व्यसनमुक्तीच्या गटांत मी समुपदेशक म्हणून बसते, एक रविवार शिरूरला, तर एक दौंडला. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्या हजेरीपटावरची काही नावं आज इथं नाहीत, आणि काही मैत्रिणी एकट्याच आल्या आहेत. कुणाचं नाव घेणार नाही. गटातलं गटातच राहतं.

आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की पुण्याचं मुक्तांगण आठवतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते सुरू केलं. पितो एकटा, पण आजारी अख्खं घर पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून तिथं पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

केंद्रात दारू थांबते. खरी परीक्षा घरी आल्यावर, संध्याकाळी. रांजणगावची किंवा कुरकुंभची शिफ्ट सुटली, उसाला पाणी देऊन झालं, आता काय? इतकी वर्षं ती वेळ दारूनं भरलेली होती. बायकोचीही तीच गत. तोंडाचा वास, खिसा, पगाराची तारीख यांवर पहारा देण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तो प्यायचा थांबतो, आणि दोघांना बोलायला विषयच उरत नाही. पूर्वी भांडण तरी व्हायचं, आता घरात नुसती शांतता, हे गटात पुष्कळदा ऐकू येतं.

या रिकामेपणावर व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञांनी मूलभूत काम केलं. नाझी छळछावण्यांतून ते जिवंत परतले आणि 1946 साली त्यांनी आपला अनुभव पुस्तकरूपानं मांडला. जगण्याला अर्थ सापडत नाही तेव्हा माणूस ती पोकळी व्यसनासारख्या गोष्टींनी भरू पाहतो, असं ते म्हणत. पुढं न्यूयॉर्कमध्ये डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी याच विचारावर कर्करोगाच्या रुग्णांसाठी आठ बैठकींचा गट बांधला. आम्ही ती दिशा आपल्या माणसांसाठी वापरतो.

'अर्थ' म्हटलं की गटात आधी पैसाच आठवतो. म्हणून आम्ही विचारतो, 'कशासाठी?' फ्रँकल यांनी सांगितलेल्या तीन वाटांनी उत्तर शोधतो. पहिली, हातून काय घडतं? मोटार दुरुस्त करणारा, गुऱ्हाळावर काहिलीशी उभा राहणारा, अशा प्रत्येकाच्या हातात काही ना काही कसब असतंच. दुसरी, कुणावर, कशावर जीव आहे? तिसरी सगळ्यात अवघड. जे आता बदलता येणार नाही, त्याच्याकडे कसं पाहायचं? लेकीच्या लग्नात बाप शुद्धीवर नव्हता, तो दिवस परत येत नाही. इथं नवऱ्यानं बायकोचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकायचं, एवढाच नियम. तेवढ्यानंही पुष्कळ हलतं.

एक गोष्ट मी ठासून सांगते. 'तुझ्यासाठी सोडली' हे ऐकायला गोड लागतं, पण पुढच्या भांडणात त्याचंच 'तुझ्यामुळं प्यालो' होतं. त्याचं 'कशासाठी' त्यानंच शोधायचं. आणि तिचं तिनं. नवऱ्याला सुधारणं हा कुठल्याही बाईच्या आयुष्याचा अर्थ नसतो. तिला शिलाई मशीन, भजनी मंडळ, अर्धवट राहिलेलं शिक्षण, काहीही हाक मारू शकतं. दोघांच्या पायाखाली आपापली जमीन आली, की मग संसाराचं बोलणं सुरू होतं. प्रत्येक लग्न सावरतंच असं नाही. घरात मारहाण असेल तर आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

आता तुमच्याकडे मागणं. रोज भरपूर पिणाऱ्या मित्राला 'आजपासून बंद' अशी शपथ घालू नका. एकदम थांबवल्यानं झटके येऊ शकतात; आधी डॉक्टर गाठा. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे. ज्यानं सोडलीय त्याला 'आज एकच घे, आपल्या दोस्तीखातर' म्हणू नका. मैत्रिणीला 'अजून थोडं सहन कर' म्हणू नका; तिला तिच्याबद्दल विचारा.

आणि सर, बाई, तुम्हाला एक विनंती. तुमच्या शब्दाला आजही वजन आहे. वर्गात हा मुलगा चित्रं सुंदर काढायचा, ही मुलगी गणितात पहिली यायची, हे तुम्हाला आठवतं. ते त्यांना फोन करून सांगा. दारूच्या आधीही आपण कुणीतरी होतो, हे कळणं उपचाराचाच भाग आहे.

पुढच्या मेळाव्यात संध्याकाळचा कार्यक्रम बिनदारूचा ठेवूया. मग आज न आलेल्यांपैकी काही जण नक्की येतील.