अळी शिकत नाही, ती निवडली जाते



“पूर्वी एका फवारणीत अळी मरायची. आता तीन फवारण्या केल्या तरी हलत नाही. तिला औषधाची सवय झाली,” असं पारावर नेहमी ऐकायला मिळतं. पण अळीला सवय होत नाही. होतं ते वेगळंच. ते नीट समजलं, तर आपलं पीक आणि पैसा दोन्ही वाचेल.

आधी घरचंच उदाहरण घ्या. गावरान ज्वारीची टपोरी कणसं आपण बियाण्यासाठी बाजूला काढतो. सगळी कणसं सारखी नसतात आणि बी तसं पीक, हे आपण जाणतो. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८५९ साली आपल्या ग्रंथाची सुरुवात अशाच निवडीपासून केली. तो म्हणाला, निसर्गातही निवड होते. फक्त तिथं निवडणारा कोणी नसतो. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एकाच जातीच्या जिवांत थोडाफार फरक असतो. त्यातले काही फरक पिल्लांत उतरतात. आणि जन्मतात पुष्कळ, जगतात थोडे. ज्यांचा फरक त्या परिस्थितीत उपयोगी पडतो, त्यांची संतती वाढते. पिढ्यान् पिढ्या हेच घडलं, की जात बदलते.

आता कपाशीकडे या. आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. दोन जनुकांचं वाण २००६ साली आलं. बोंडअळ्या मरू लागल्या. पण समजा, शिवारात लाखभर गुलाबी बोंडअळ्या आहेत आणि त्यातल्या चार-दोन जन्मतःच बीटीच्या विषाला दाद न देणाऱ्या आहेत. बाकीच्या मेल्या, या उरल्या. त्यांचं आपसांत मीलन झालं. एक मादी शंभराच्या वर अंडी घालते आणि एका हंगामात अनेक पिढ्या होतात. मग शिवार कोणाचं होणार? २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं पोखरली गेली, त्यामागं हेच मोठं कारण होतं.

यासाठीच बियाण्यासोबत बिगरबीटी बियाण्याची लहान पुडी दिली जात असे. त्या आश्रय ओळींवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळले, की होणारी बहुतेक संतती बीटीवर मरते. पुष्कळांनी ती पुडी बांधावर फेकली. अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी आश्रय पीक नेटानं लावलं, तेव्हा तिथं बीटी वर्षानुवर्षं टिकलं. पुढं वांझ पतंग सोडण्यासारखे उपायही जोडले आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

आपण काय करावं?

१) फरदड घेऊ नका. हंगामभर जगून वाचलेली अळीच फरदडीवर पोसते. फरदड राखणं म्हणजे चिवट अळीचं बियाणं राखणं. डिसेंबरअखेर पीक संपवा, पऱ्हाटी उपटून नष्ट करा, बांधावर रचू नका.

२) हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करा. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा.

३) एकाच गटातलं कीटकनाशक पुन्हा पुन्हा फवारू नका. प्रत्येक फवारणी ही निवड असते. कोणतं औषध कधी, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

४) बिगरबीटी बियाणं मिळालं तर फेकू नका, लावा. अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा जोर टिकण्यासाठी ते लागतं.

एकट्यानं भागत नाही. पतंगाला बांध नसतो. गावानं मिळून एकदम पऱ्हाटी काढली, तरच पुढच्या पिढीची अन्नसाखळी तुटते. बियाणं निवडणं आपल्याला पिढ्यान् पिढ्या येतं. आता अळीचं बियाणं आपल्याच शेतात राखलं जात नाही ना, एवढं पाहा.