चरबी, स्नायू आणि झोपेचे तास



व्यायामावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. एखादा डॉक्टर किंवा तालमीतला वस्ताद अधिक शोभला असता. परंतु मेहनत किती आणि विसावा किती, हा हिशोब मांडण्यातच आमचे आयुष्य गेले. आणि चरबी उतरवणे हाही अखेर तोच हिशोब आहे.

प्रथम वजनकाट्याचे सांगतो. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून चरबी, असे आपल्यापैकी पुष्कळांचे आहे. तेव्हा नुसते वजन घटवून भागत नाही. चरबी गेली पाहिजे आणि स्नायू राहिले पाहिजेत. उपास करून चार किलो उतरवले आणि त्यातले दोन स्नायूंचे निघाले, तर तो नफा कसला?

स्नायू राखायचे तर जोर, बैठका, वजने. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दिवसाआड. जोडीला डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे. दमसासासाठी झपाझप चालावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे सांगते. यात फारसे अवघड काही नाही. (मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.)

कात्रजला बसगाड्यांचा राबता मोठा, म्हणून एक दाखला देतो. लंडनच्या दुमजली बसवर ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक. पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली, तर ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणीच मोठ्या निघाल्या! म्हणजे सगळा दोष गाडीच्या सीटवर टाकता येत नाही. तरीही जिना चढणाऱ्याचा लाभ खोटा ठरला नाही. संशोधन असे असावे. आपल्याच पुराव्याची उलटतपासणी घेणारे.

आता विश्रांती. लोकांना ती आळसाची बहीण वाटते. अमेरिकेत शिकागोच्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वजनदार माणसांना १४ दिवस कमी अन्न दिले. एकदा रात्री साडेआठ तास झोपेची मुभा देऊन, एकदा साडेपाच तासांची. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोच उतरले. परंतु पुरती झोप असताना त्यात चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत अवघी ०.६ किलो, बाकीची तूट बहुतांशी स्नायूंसारख्या उपयोगी भागाची. भूकही अपुऱ्या झोपेतच अधिक लागली. माणसे दहाच होती, हे खरे. परंतु उपास तोच, अन्न तेच, आणि फळ निम्म्याहून कमी! काट्याला यातले काही कळले नाही.

कात्रजहून सिंहगडापर्यंत रात्रभर टेकड्या तुडवणारी पोरे आम्ही पाहतो. हौस म्हणून उत्तम आहे. पण आठवडाभर अर्धपोटी राहायचे, शनिवारची रात्र चालण्यात घालवायची आणि सोमवारी पुन्हा वजने उचलायची, याला आम्ही व्यायाम म्हणणार नाही. कारखान्यात असे कोणी राबवले असते तर आम्ही दारात उभे राहिलो असतो.

हमाल बंधू विचारतात, आम्ही दिवसभर ओझी वाहतो, आम्हांला आणखी काय सांगता? त्यांना बैठका शिकवण्याचे धाडस आम्ही करीत नाही. व्यायाम करणारा थकला की थांबतो. हमालाला तशी सोय नाही. त्याला उणीव विसाव्याची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा १८९० साली मुंबईत रविवारची सुट्टी पदरात पडली. विसावा आपल्याकडे भांडूनच मिळवावा लागला.

आणि झोप तरी प्रत्येकाच्या हाती कुठे आहे? रात्री अकराला पाळी संपली, घरी पोचायला बारा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचची पाळी, म्हणजे चारला उठणे. अशा माणसाला ‘आठ तास झोपा’ सांगणे ही थट्टा झाली. त्या आठवड्यात त्याने खाणे फार तोडू नये, जोर-बैठका एका दिवसावर आणाव्यात, कामावर जाता-येता चालावे आणि उरलेला वेळ झोपेला द्यावा. घरच्यांनीही दुपारी त्याला उठवू नये, रेडिओ बंद ठेवावा. बाकीचे काम युनियनचे आहे. दोन पाळ्यांमध्ये बारा तासांचे अंतर असावे, ही मागणी लिहून द्या. पगारवाढीच्या मसुद्यात तिला पहिल्या पानावर जागा करू.