पिशवी सुटल्यानंतरचें पोट
(नभोवाणीवरील भाषण)



पोट दुखतें ही गोष्ट चारचौघांत सांगण्याची आपली रीत नाहीं. आणि पोटावर लावलेल्या शौचाच्या पिशवीविषयीं तर घरांतल्या माणसांशींही कुजबुजूनच बोललें जातें. आज मी या दोन्हींविषयीं मोठ्यानें बोलणार आहें. अहमदपूर तालुक्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक आहें, वैद्य नाहीं. तेव्हां शस्त्रक्रियेचें शास्त्र मी सांगावें अशी अपेक्षा कोणी करूं नये. परंतु पांच महिने मी ती पिशवी बाळगली, पुढें ती सुटली, आणि सुटल्यावर पोट कसें दुखतें हें मला नव्यानें शिकावें लागलें. या शिकण्यांत मी एकदां उगीच घाबरलों, आणि जेव्हां घाबरावयास हवें होतें तेव्हां घाबरलों नाहीं. ही दुसरी चूक जिवावर बेतली असती.

आरंभ २०२२ च्या श्रावणांत झाला. ताप आला, नव्या पाण्याचा ताप म्हणून मीं आठ-दहा दिवस काढ्यावर काढले. अठराव्या दिवशीं पहाटे पोटांत अशी कळ उठली कीं मला सरळ निजतां येईना. विषमज्वरांत, ज्याला आपण टायफॉईड म्हणतों, लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत व्रण पडतात. उपचार लांबला तर साधारण तिसऱ्या आठवड्यांत एखादा व्रण फुटून आंतड्यास भोंक पडतें व आंतली घाण उदरांत पसरते. अशा दूषित, सुजलेल्या पोटांत आंतडें जोडलें तर तो जोड टिकेल याची खात्री नसते. म्हणून सर्जन पुष्कळदां आंतडें पोटाच्या भिंतींतून बाहेर आणून ठेवतात व त्यावर पिशवी बसवितात. याला इलिऑस्टॉमी म्हणतात. मोठें आंतडें बाहेर आणलें तर कोलोस्टॉमी. आपल्याकडे विषमज्वर व आंतड्याचा क्षय यांमुळें ही पाळी येते. गुदाशयाच्या कर्करोगांत खालचा जोड सुरक्षित राहावा म्हणूनही कांहीं काळापुरती ही योजना करतात.

मला प्रथम याची फार लाज वाटे. तेव्हां एका तरुण डॉक्टरांनीं सांगितलें कीं १७९३ सालीं फ्रान्समधील ब्रेस्ट येथें ड्यूरे नांवाच्या सर्जननें, गुदद्वारच नसलेल्या तीन दिवसांच्या बालकाला पोटावर असें द्वार करून दिलें आणि तो जीव पुढें ४५ वर्षें जगला. त्या काळीं भुलीचें औषधही निघालेलें नव्हतें! हें ऐकल्यावर माझी लाज गेली असें मी म्हणणार नाहीं. पण तक्रार मात्र कमी झाली.

आंतडें पुन्हां जोडून पिशवी सोडविण्याची शस्त्रक्रिया २०२३ च्या संक्रांतीच्या आठवड्यांत नांदेडला झाली. त्यापूर्वीं खालच्या आंतड्यांत औषध भरून क्ष-किरणांनीं फोटो काढला व वाट मोकळी असल्याची खात्री करून घेतली. आमच्या घरच्या सर्वांची समजूत अशी कीं, पिशवी सुटली कीं दुखणेंही सुटलें. मावशींनीं तर पुरणाचा बेत ठरवून ठेवला होता.

प्रत्यक्षांत पहिले तीन दिवस पोट मुकें झालें होतें. आंतड्याला हात लागला कीं तें कांहीं काळ रुसून बसतें. हालचाल थांबते, वायु सांचतो आणि पोट ढोलासारखें ताणतें. यावर उपाय काय, तर चालणें. दुसऱ्याच दिवशीं मला उठवून उभें केलें तेव्हां मला ती निर्दयता वाटली. पण डेन्मार्कमधील हेन्रिक केहलेट या सर्जननीं १९९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें आहे कीं, आंतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याला लौकर उठविलें, लौकर खावयास दिलें आणि वेदनेवर नीट उपचार केला, तर तो लौकर बरा होतो. वेदनेचें औषध हें निजून राहण्यासाठीं नसून चालतां यावें, खोल श्वास घेतां यावा यासाठीं आहे, ही गोष्ट मला तेव्हां कळली. आणखी एक उपचार असा कीं, डॉक्टरांनीं मला दिवसांतून तीन वेळां च्युइंगगम चघळावयास सांगितलें. चघळल्यानें आंतड्याला जेवण येत असल्याचा भास होतो व तें थोडें लौकर जागें होतें म्हणे. वर्गांत हीच वस्तु चघळणाऱ्या किती मुलांना मीं बाकावर उभें केलें असेल! चौथ्या दिवशीं वायु सरला. त्या खोलींतल्या सहाही रोग्यांनीं माझें अभिनंदन केलें; असा सत्कार मला नोकरींत कधीं लाभला नाहीं.

रोज सकाळीं डॉक्टर विचारीत, आणि मी म्हणें, "दुखतंय." एके दिवशीं ते म्हणाले, "गुरुजी, मुलांनीं नुसतं 'उत्तर आलं' म्हटलं तर तुम्ही मार्क देतां का? कसं दुखतंय तें सांगा." मग मी विचार करूं लागलों. आपल्या भाषेंत पोटाच्या दुखण्याला किती नांवें आहेत! जखमेचा ठणका वेगळा. तो एका जागीं असतो, खोकल्यानें व हंसण्यानें वाढतो आणि दिवसेंदिवस उतरतो. गुबारा वेगळा, तो पोटभर फिरतो आणि वायु सरला कीं जातो. मुरडा वेगळा, तो शौचापूर्वीं येतो आणि शौचानंतर ओसरतो. महिनेच्या महिने रिकाम्या पडलेल्या खालच्या आंतड्यांत पुन्हां मळ उतरूं लागला कीं तें आंतडें बावरतें. मला आरंभीं दिवसांतून आठ-दहा वेळां जावें लागे आणि प्रत्येक वेळीं मुरडा हा असायचाच. शेवटीं आग. लहान आंतड्यांतून येणारा पातळ मळ दाहक असतो. त्यानें खालची कातडी सोलून निघते. कागदानें वा पंचानें घासूं नये. साध्या पाण्यानें धुवून, मऊ कापडानें टिपून, डॉक्टर सांगतील तें जस्ताचें मलम लावावें. हीं चारही दुखणीं त्रासदायक आहेत, परंतु तीं बरें होण्याच्या वाटेवरचीं आहेत.

हें सर्व मला तोंडपाठ होतें. तरीही घरीं आल्यावर दुसऱ्याच रात्रीं पोट फुगून दुखूं लागलें आणि माझा धीर सुटला. शेजाऱ्याची जीप काढून मध्यरात्रीं आम्ही लातूरच्या वाटेला लागलों. पोटाशीं उशी घट्ट धरली होती. प्रवासांत आणि खोकतांना जखमेला असा आधार द्यावा हें मला इस्पितळांतच शिकविलें होतें. चाकूर आलें न आलें तोंच रस्त्याच्या हिसक्यांनीं म्हणा किंवा कशानेंही म्हणा, वायु सरला आणि दुखणें नाहींसें झालें. जीप वळवून आम्ही परत आलों. दुसऱ्या दिवशीं गांवभर त्या जीपची गोष्ट झाली. शाळेंतील एका सहकाऱ्यानें विचारलें, "गुरुजी, चाकूरला काय काम काढलं होतं?" मीही हंसलों. पण मनांत ठरविलें कीं, पुन्हां आपलें हंसें होऊं द्यावयाचें नाहीं.

याच निश्चयानें पुढें घात केला. तिसऱ्या आठवड्यांत हुरड्याचे दिवस आले. कोवळी ज्वारी, आगटीचा धूर, शेतांतील मंडळी; मराठवाड्यांत जन्मलेल्या माणसाला यावेळीं घरीं मऊ भात खात बसणें किती जड जातें हें मी सांगावयास नको. डॉक्टरांनीं सहा आठवडे कोंडा, साल व दोरे असलेलें अन्न वर्ज्य सांगितलें होतें. जोडाच्या जागीं आंतडें सुजून अरुंद झालेलें असतें. न चावलेला दाणा, मक्याचें कणीस, हरभरा, कच्चा कांदा, कोबी, शेंगदाणे असें कांहीं तेथें अडकूं शकतें. मीं दोन मुठी हुरडा खाल्ला. पुरतें चावलेंही नसावें, कारण बोलण्यांत दंग होतों.

रात्रीं कळा सुरू झाल्या. या कळा आधींच्या कोणत्याही दुखण्यासारख्या नव्हत्या. लाटेसारख्या येत, वर चढत, ओसरत आणि पुन्हां येत. वायु नाहीं, शौच नाहीं, पोट मात्र चढत चाललें. मला खूण पटली होती. तरी मी गप्प राहिलों. पुन्हां जीप काढावी, पुन्हां चाकूर व्हावें, हें मला नको होतें. सकाळीं मावशींनीं माझा चेहरा पाहिला आणि बेंबी सरकली असा निकाल दिला. पोट चोळून बेंबी बसवावी आणि वर एरंडेल पाजावें असा त्यांचा आग्रह. त्या माउलीच्या मायेविषयीं मला शंका नाहीं, परंतु वाट अडलेल्या आंतड्याला रेचक देणें म्हणजे बंद दारावर धक्के मारणें. त्यानें आंतडें फाटण्याचें भय असतें. नव्या जोडावर चोळणें तर त्याहून वाईट. माझ्या पत्नीनें दोन्ही थांबविलीं. दुपारीं मला हिरवी उलटी झाली. ती म्हणाली, "अहो, कालपासून वारा सरला नाहीं, आणि आतां हें हिरवं. हंसूं द्या लोकांना हंसायचं तर." तिनें स्वतः १०८ क्रमांकाला फोन केला.

नांदेडला पोंचलों तेव्हां जीभ कोरडी पडली होती व नाडी धांवत होती. नाकांतून नळी घालून पोटांतील सांचलेलें पाणी काढलें, शिरेंतून सलाईन चालू केलें आणि तोंडानें सर्व बंद. चार दिवस असे गेले. पांचव्या दिवशीं वाट आपोआप मोकळी झाली. सुरी लागली नाहीं. माझें दैव बरें म्हणावयाचें, कारण शेजारच्या खाटेवरील गृहस्थ असेंच दुखणें तीन दिवस घरीं सोसून आले होते व त्यांचें पोट पुन्हां उघडावें लागलें होतें.

सोसणें हा आपल्याकडे गुण समजला जातो. अवर्षण सोसणाऱ्या, १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसणाऱ्या लोकांना पोटाची कळ सोसणें काय अवघड! पण आंतड्याला हा गुण समजत नाहीं. दुखणें उतरण्याऐवजीं तासागणिक वाढूं लागलें, पोट फुगून ताठ झालें, उलट्या सुरू झाल्या, वायु व शौच दोन्ही बंद पडलीं, थंडी वाजून ताप आला, जखमेंतून पू अथवा मळ येऊं लागला किंवा शौचावाटे रक्त पडूं लागलें, तर यांपैकीं एकही खूण घरीं राहून पाहण्याची नाहीं. जोड उसवून गळती लागण्याचें भय विशेषतः पहिल्या एक-दोन आठवड्यांत असतें. आंतडीं एकमेकांस चिकटून होणारा अडथळा मात्र वर्षांनंतरही येऊं शकतो. तो विसरतां कामा नये.

अशा वेळीं जावें कोठें हा प्रश्न पूर्वींइतका अवघड राहिलेला नाहीं. नांदेडला विष्णुपुरी येथें शंकरराव चव्हाणांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; लातूरला शासकीय वैद्यकीय संस्था आहे, आणि डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं सुरू केलेलें विवेकानंद रुग्णालय आहे. शासनाची जी आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुल्यांच्या नांवानें चालते, ती २०१२ सालीं पहिल्यानें ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत नांदेड होतें. खर्चाच्या भीतीनें कळा सोसणाऱ्यांनीं निदान त्या योजनेचीं कागदपत्रें शस्त्रक्रियेच्या कागदांबरोबर एकाच पिशवींत ठेवावींत. मध्यरात्रीं शोधाशोध होते ती टळते.

आहाराविषयीं थोडें सांगतों. परतल्यावर मी शहाण्यासारखा वागलों. एकदम पोटभर न जेवतां दिवसांतून सहा वेळां थोडें थोडें: मऊ भात, केळें, साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा, ताक. यांनीं मळ घट्ट होतो व मुरडे कमी होतात. पाणी भरपूर, आणि जुलाब फार झाले तर नुसतें पाणी न घेतां मीठ-साखरेचें, म्हणजे ओआरएसचें पाणी. आपल्या उन्हाळ्यांत हें विसरलें तर चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. जुलाब थांबविण्याच्या गोळ्या किंवा दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावांचून घेऊं नयेत. कांहीं वेदनाशामक आंतड्याला पुन्हां झोंपवितात, कांहींनीं पोटांत व्रण पडतात. गरम पाण्याची पिशवी जखमेवर ठेवूं नये. तेथील कातडी बधिर असते व भाजलेलें कळत नाहीं. आणि सहा आठवडे भरलेली घागर किंवा धान्याचें पोतें उचलावयाचें नाहीं, नाहीं तर जखमेच्या जागीं आंतड्याचा फुगा बाहेर येतो. आमच्या भगिनींना हा नियम पाळूं देणें हें घरांतील इतरांचें काम आहे. इस्पितळांतून आलेली सून चौथ्या दिवशीं पाण्याला गेलेली मीं पाहिली आहे.

दोन महिन्यांनीं माझें शौचास जाणें तीन-चार वेळांवर आलें. सातव्या आठवड्यांत पत्नीनें बारीक दळलेल्या ज्वारीची एक पातळ भाकरी केली. अर्धी खा म्हणाली. मीं अर्धीच खाल्ली, प्रत्येक घास मोजून चावला. त्या रात्रीं पोटांत थोडें दुखलें. मीं उठून अंगणांत दहा फेऱ्या घातल्या. गुबारा होता, तो सरला, आणि मी येऊन निजलों.